वृद्धांचा रस्ता कोणाच्या खात्यात?

तारापूरच्या अणुविद्युत केंद्राने १९६९ साली वीज देण्यास आरंभ केला आणि पुढे बोईसरच्या परिसरात औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. त्या काळी ऐन पंचविशीत नोकरीसाठी येथे आलेला तंत्रज्ञ आज ऐंशीच्या पुढे गेला आहे. हा पट्टा तरुण कामगारांचा म्हणून ओळखला जातो. परंतु ही पहिली पिढी येथेच म्हातारी होईल, हे कोणाच्या नियोजनात धरलेले दिसत नाही.

केंद्राच्या वसाहतीत ज्यांनी नोकरीची वर्षे काढली, त्यांना झाडांच्या सावलीची आणि संध्याकाळी फेरफटका मारण्याची सवय जडली. निवृत्तीबरोबर क्वार्टर सुटले. बोईसरमध्ये घर घेतले ते बहुधा लिफ्ट नसलेल्या इमारतीत, दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर. खाली उतरावे तर दाराशी मोटारसायकलींची रांग, गटारावरची डुगडुगणारी फरशी आणि पुढे रिक्षा-टेम्पोंमधून काढावी लागणारी वाट. साठाव्या वर्षी याचे काही वाटत नाही. पंच्याहत्तराव्या वर्षी तीच फरशी निर्णायक ठरते. एकदा पाय मुरगळला की गृहस्थ बाहेर पडेनासा होतो, न चालल्याने पाय अधिकच दुबळे होतात आणि दुबळेपणामुळे पडण्याचे भय वाढते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पासष्टीनंतरही आठवड्याला किमान १५० मिनिटे बऱ्यापैकी श्रमाची हालचाल हवी. डॉक्टरही चालायला सांगतात. कोठे चालायचे, हे मात्र चिठ्ठीवर लिहिलेले नसते.

पालघरच्या जुन्या वस्तीची कथा थोडी निराळी आहे. तेथे घरापुढचा ओटा हीच वृद्धांची बैठक होती. घरात नाही आणि रस्त्यावरही नाही, अशी ती जागा. ओट्यांची दुकाने झाली, आणि दरवेळी नवा थर चढून रस्ता मात्र उंबरठ्याच्या वर आला. २०१४ च्या १ ऑगस्टला पालघर जिल्हा झाला. सिडकोने कोळगाव येथे उभारलेल्या मुख्यालयाचे २०२१ साली उद्घाटन झाले. नव्या भागाला आखीव रस्ते लाभले, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु पेन्शनरांची बँक, देऊळ आणि भाजीबाजार जुन्याच गावात राहिले.

जुन्या वस्तीच्या सुधारणेस प्रारंभ झाला की प्रथम उद्यान सुचते. मुंबईत १९९९ साली गिरगाव चौपाटीवर नाना-नानी पार्क झाले आणि ती कल्पना सर्वत्र गेली. उद्यानास विरोध असण्याचे कारण नाही. तथापि वृद्ध मनुष्य मुद्दाम व्यायामाला निघतो त्यापेक्षा अधिक वेळा कामासाठी निघतो : दूध, औषध, पासबुक, नातवाची शाळा. उद्यानापर्यंतचा रस्ताच धड नसेल, तर कोनशिलेपलीकडे त्या उद्यानाचा उपयोग मर्यादितच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार पदपथावर १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. जुन्या गल्लीत तेवढी निघणार नाही, हे मान्य. गटारांवर घट्ट झाकणे, दर शंभर-दीडशे पावलांवर पाठ टेकता येईल असा बाक, थोडी सावली, एक स्वच्छ मुतारी आणि चौकात वाहनांचा वेग तोडणारा उंचवटा, एवढे तर निघेल! सिंगापूरने २०१४ पासून वृद्धांची वस्ती दाट असलेल्या भागांत वाहनांचा वेगच कमी करवला. तेथेही काम मुख्यतः रस्त्यावर झाले.

मग हे होत का नाही? केवळ पैसा नाही म्हणून नव्हे. रस्ता एका खात्याचा, गटार ग्रामपंचायतीचे, औद्योगिक क्षेत्रातील मार्ग महामंडळाचा. खर्च यांपैकी एकाच्या वहीत पडतो, लाभ मात्र भलत्याच वहीत जमा होतो. मोडलेल्या खुब्याच्या शस्त्रक्रियेचे बिल मुलगा भरतो, आणि सासूच्या शुश्रूषेसाठी सून नोकरी सोडते. झाकण न बसविल्याने झालेला हा खर्च झाकण न बसविणाऱ्याला कधीच दिसत नाही.

ज्या जिल्ह्यात जव्हार-मोखाड्याची बालके कुपोषित आहेत, तेथे पेन्शनरांच्या बाकांची चैन कशाला, असा आक्षेप येईल. तो गंभीर आहे. पोषणाचा पैसा इकडे वळवावा, असे कोणी म्हणूही नये. प्रश्न काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक यांवर आताच होणाऱ्या खर्चाच्या रीतीचा आहे. शिवाय घट्ट झाकणावरून गरोदर बाई आणि शाळकरी पोरही चालते.

हवेचा प्रश्न याहून कठीण. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वाधिक प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरले. वृद्धांना सकाळी फिरायला जा म्हणणाऱ्यांनी हा आकडाही वाचावा.

आणि कारखान्यांनीही. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठराविक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करावी लागते. कार्यक्षेत्राच्या परिसराला प्राधान्य द्यावे, असेही त्यात म्हटले आहे, आणि ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या सोयी अनुसूचीत नमूद आहेत. ज्यांच्या पाळ्यांवर हे कारखाने चालले, ते लोक बोईसर स्टेशनपासून दोन-अडीच किलोमीटरांच्या आतच राहतात. त्यांच्या घरापासून बाजारापर्यंतची एखादी वाट पंचायतीने आखून द्यावी आणि झाकणे-बाकांचा खर्च कारखान्यांनी उचलावा. पावसाळ्याआधी एवढे काम होण्यासारखे आहे.