कोळसा वाईट, सूर्य चांगला : एवढंच शिकवायचं का?



'अपारंपरिक ऊर्जा : काळाची गरज' हा निबंध आपण दरवर्षी लिहून घेतो. कोळशाने प्रदूषण होतं, सूर्य फुकट आहे, म्हणून सौरऊर्जा वापरा. झाला निबंध, दहापैकी आठ गुण!

पण हाच निबंध चंद्रपूर, बल्लारपूर, घुग्घुस, वणी या भागातल्या वर्गात वाचून बघा. तिथे कितीतरी मुलांचं घर खाणीवर नाहीतर वीजकेंद्रावर चालतं. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचं. धूळ आणि राख तिथल्याच लोकांच्या वाट्याला, आणि पोटापाण्याची सोयही तिथेच. उद्या खाण बंद झाली तर कायम कामगाराची दुसरीकडे बदली तरी होईल. पण कंत्राटी मजूर, ट्रकवाला, गेटबाहेरचा चहावाला? त्यांचं नाव कुठल्या यादीत असणार? हा प्रश्न मुलांना पडलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आकड्यांचं बघा. २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन, असं उद्दिष्ट भारताने २०२१ मध्ये ग्लासगोला जाहीर केलं. २०२५ मध्ये देशाच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता कोळसा, तेल, वायूशिवायची झाली. ही मोठीच गोष्ट आहे. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष तयार झालेली वीज नव्हे. एक किलोवॅटचं सौर पॅनल दिवसाला साधारण चार युनिट देतं, चोवीस नाही. म्हणून प्रत्यक्षात अजूनही सुमारे ७० टक्के वीज कोळशाचीच. पाचवीच्या मुलालाही हे कळतं, साधा गुणाकार तर आहे.

मग रात्रीचं काय, असं मुलं विचारतीलच. तेव्हा घाटघर सांगा. दोन धरणं, एक वर, एक खाली. मागणी कमी असताना पाणी पंपाने वर चढवायचं, गरज पडली की खाली सोडून वीज करायची, २५० मेगावॅटपर्यंत. चढवायला लागते त्यापेक्षा कमी वीज परत मिळते, हेही लपवू नका.

आणि सौर कृषी वाहिनी योजना शिकवताना पर्यावरणापासून सुरुवात नको. रात्री बारा वाजता अंधारात, सापाविंचवाची भीती मनात धरून मोटार सुरू करायला जाणारा बाप मुलांनी पाहिलेला असतो. दिवसा वीज म्हणजे काय, ते त्यांना तिथून कळतं.

यंदा निबंधाला विषय देऊन बघा : 'आमच्या गावची खाण बंद झाली तर'. शुद्धलेखनाचे गुण मात्र त्यात कापू नका.