मैदानावरून : बॅग कोणाची?



कुवेतमधल्या मराठी घरात दोन डबे हमखास सापडतात. एक भाजणीचा आणि दुसरा औषधांचा. सुट्टीवरून परतताना दोन्ही भरून आणायचे, हा आपला शिरस्ता. इथे डॉक्टर नाहीत असं नाही, पण गावच्या केमिस्टकडच्या गोळीने जसं बरं वाटतं तसं दुसऱ्या कशाने वाटत नाही! आज आम्ही या दुसऱ्या डब्याबद्दल बोलणार आहोत. मैदानाच्या सदरात औषधं कुठून आली, असं विचाराल, तर थोडा धीर धरा.

आपली काही मुलं आता खेळाकडे गंभीरपणे पाहू लागली आहेत. शुक्रवारी पहाटे उठून क्रिकेटला जातात, पोहतात, बॅडमिंटन खेळतात. बारावी झाली की यातली बरीचशी पुण्या-मुंबईच्या कॉलेजात जातील आणि त्यातली दोन-चार जिल्ह्याच्या, राज्याच्या संघापर्यंत पोचतील. तिथे त्यांची गाठ उत्तेजक चाचणीशी पडू शकते. हे फक्त ऑलिंपिकवाल्यांचं प्रकरण आहे, असं समजू नका. ‘खेलो इंडिया’सारख्या तरुण मुलांच्या स्पर्धांतही नमुने घेतले जातात.

या कारभाराच्या जागतिक संस्थेचं नाव ‘वाडा’ आणि भारतातल्या संस्थेचं ‘नाडा’. नावं ऐकून मराठी माणसाला हसू यायचंच, पण काम हसण्यावारी नेण्यासारखं नाही. २०२४ साली भारतात ७,११३ नमुने तपासले गेले आणि त्यातले २६० दोषी निघाले. दोषी नमुन्यांच्या संख्येत त्या वर्षी आपला देश जगात सगळ्यांच्या वर होता. ही काही मिरवण्यासारखी गोष्ट नव्हे.

आता विरारच्या पृथ्वी शॉची गोष्ट आठवा. ऑक्टोबर २०१८ मध्ये राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक ठोकलं, वय अवघं १८. पुढच्या फेब्रुवारीत मुंबईकडून मुश्ताक अली करंडकाचे सामने खेळायला इंदूरला गेला. २२ तारखेला त्याचा नमुना घेतला आणि त्यात टर्ब्युटालिन सापडलं. कुठून आलं? खोकल्याच्या साध्या सिरपमधून. श्वासनलिका मोकळी करणारं हे औषध आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये असतं. ताकद वाढवायला नव्हे, खोकल्यासाठीच घेतलं, हे त्याचं म्हणणं क्रिकेट मंडळाने मान्य केलं. तरीही बंदी आली ती आली! आठ महिने, १५ नोव्हेंबर २०१९ पर्यंत.

यातला आम्हाला चटका लावून गेलेला भाग वेगळाच आहे. पुढे एका मुलाखतीत पृथ्वीने सांगितलं, की खोकला झाल्याचं त्याने वडिलांना फोनवर सांगितलं होतं आणि बाजारातून सिरप आणून घे, असा सल्ला वडिलांनी दिला होता. संघाच्या फिजिओला विचारायचं राहून गेलं.

मंडळी, या बापाचं काय चुकलं? लेकरू परगावी आजारी आहे, आपण लांब आहोत, मग फोनवर दुसरं काय सांगणार? आपल्यातल्या ज्यांची मुलं भारतात शिकायला आहेत, त्यांच्या घरी आठवड्याला असा एक फोन होतोच. “आई, खोकला थांबत नाही गं.” “अरे, मागच्या वेळी दिलं होतं ना, तेच आण आणि दोन चमचे घे!” आपली माया अशीच फोनवरून जाते. पण मूल खेळाडू असेल तर तेच दोन चमचे महाग पडू शकतात.

हा कसला न्याय, असं वाटेल. हेतू वाईट नव्हता, मग शिक्षा का? याचं उत्तर आपल्या आखातातल्या माणसांना समजवायला सोपं आहे. सुट्टीवरून येताना वडीलधारी माणसं काय बजावतात? दुसऱ्याचं पार्सल घेऊ नकोस. कारण विमानतळावर बॅगेत नको ती वस्तू निघाली, तर पहिला प्रश्न एकच असतो, बॅग कोणाची? कोणी दिली, कशी आली, हे सगळं नंतर. खेळाचा नियमही अगदी तसाच आहे. शरीर खेळाडूचं, तेव्हा त्यात जे सापडेल त्याची जबाबदारीही खेळाडूचीच. ते कसं आलं हे पटवून द्यायचं काम त्याचंच. पटलं तर शिक्षा कमी होते, क्वचित माफही होते, पण प्रश्न चुकत नाही.

आणि पटलं नाही तर? पैलवान नरसिंग यादव मुंबईत घडलेला, तीनदा ‘महाराष्ट्र केसरी’ झालेला. २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ब्राँझ मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकची जागा आणली. जून २०१६ मध्ये त्याच्या नमुन्यात मेटॅन्डिनोन हे स्टिरॉइड सापडलं. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी मुद्दाम मिसळलं, असं त्याचं म्हणणं. ‘नाडा’ने ते मान्य करून १ ऑगस्टला त्याला मोकळं केलं, पण ‘वाडा’ क्रीडा लवादाकडे गेली. १८ ऑगस्टला, म्हणजे कुस्तीच्या आदल्या दिवशी, रिओमध्ये निकाल लागला. भेसळीची गोष्ट लवादाला पटली नाही. चार वर्षांची बंदी. आखाड्याच्या दारातून माणूस परत फिरला.

तिसरं उदाहरण परक्या देशातलं, पण आईबापांनी लक्षात ठेवावं असं. सिडनी ऑलिंपिक, २०००. रुमानियाची जिम्नॅस्ट आंद्रेया रादुकान, वय १६. संघाच्या डॉक्टरने सर्दीची गोळी दिली, तिने घेतली. गोळीत स्यूडोएफेड्रिन होतं आणि तिचं वैयक्तिक सुवर्णपदक गेलं. म्हणजे डॉक्टरने दिलं होतं, हीसुद्धा ढाल पुरी पडत नाही.

आता आपला डबा उघडू या. ताप-अंगदुखीची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, अॅलर्जीची सेटिरिझिन, नेहमीची अँटिबायोटिक्स, यांची भीती बाळगायचं कारण नाही. कफ सिरप मात्र बाजूला काढा आणि बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. टर्ब्युटालिन दिसलं तर ती बाटली खेळणाऱ्या मुलाची नव्हे. सर्दीच्या गोळीत स्यूडोएफेड्रिन असेल तर स्पर्धेच्या दिवसांत नको. दुखण्यावरचं ट्रॅमाडॉल १ जानेवारी २०२४ पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे. ते तर डॉक्टरच्या कागदांशिवाय कुवेतमध्ये आणणंही अंगाशी येईल.

इथल्या धुळीने दमा बळावलेली मुलं आपल्यात बरीच. त्यांच्या पालकांनी घाबरू नये. साल्ब्युटामॉलचा पंप चालतो, पण मर्यादेत : २४ तासांत १,६०० मायक्रोग्रॅम आणि कुठल्याही ८ तासांत ६०० पेक्षा जास्त नाही. एका फवाऱ्यात साधारण १०० धरले, तर ८ तासांत ६ फवारे. त्याच औषधाची गोळी किंवा सिरप मात्र चालत नाही. स्टिरॉइडचा नाकातला फवारा चालतो, पण गोळी आणि इंजेक्शन स्पर्धेच्या काळात चालत नाही. मधुमेही मुलांचं इन्शुलिनही यादीत आहे. ज्यांना अशा औषधांवाचून गत्यंतर नाही, त्यांनी डॉक्टरचे कागद जोडून उपचारासाठीची सवलत आधीच मागायची असते. औषध बंद करून मुलाला खेळायला पाठवणं हा काही उपाय नव्हे!

पावडरींच्या डब्यांबद्दल तर बोलावं तेवढं थोडं. कुठल्याही पावडरीला ‘वाडा’ प्रमाणपत्र देत नाही आणि डब्यावर लिहिलेलं नसलेलं काहीतरी आत निघतं, याची उदाहरणं जगभर आहेत. आयुर्वेदिक आहे, त्यात काय असणार, हेही गृहीत धरू नका. दूध, अंडी, डाळ, उसळी यांच्यावर अजून कोणी बंदी घातलेली नाही.

चाचणी कशी होते तेही मुलांना सांगून ठेवा, म्हणजे ती भांबावणार नाहीत. लघवीचा नमुना, किमान ९० मिलिलिटर, अधिकाऱ्याच्या देखत द्यावा लागतो. संच खेळाडूने स्वतः निवडायचा. नमुना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन बाटल्यांत सीलबंद होतो. मूल १८ च्या आतलं असेल तर सोबत मोठं माणूस ठेवता येतं. फॉर्मवर गेल्या ७ दिवसांत घेतलेली औषधं लिहायची असतात. इथे लपवाछपवी नको, सगळी लिहावीत.

एक छोटी सूचना. मूल स्पर्धा खेळू लागलं की एक वही करा. कुठलं औषध, कधी, किती, कोणी दिलं, एवढं लिहा आणि वेष्टनाचा फोटो काढून ठेवा. यादी दर १ जानेवारीला बदलते, म्हणून गेल्या वर्षी चाललेलं यंदा चालेल असं नाही. शंका आली तर ‘नाडा’चं ‘नो युअर मेडिसिन’ हे अॅप आहे, त्यात पाहावं. आणि परगावच्या लेकराचा खोकल्याचा फोन आला, तर सल्ला जरूर द्या, पण एवढाच : “डॉक्टरकडे जा, आणि मी खेळाडू आहे हे त्यांना पहिलं सांग.”

तुमच्या मुलांना असा काही अनुभव आला असेल तर आम्हाला जरूर कळवा. पुढच्या अंकात उन्हाळ्यातल्या सरावाविषयी, ४५ अंशांत मुलांनी खेळावं तरी कधी, यावर बोलू.