पोथीचे कुलूप

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो,

इ. स. १५४३ साली इंग्लंडच्या पार्लमेंटाने एक कायदा केला. त्याच्या चार वर्षे आधी राजाच्याच हुकमाने इंग्रजी बायबल छापून चर्चाचर्चांत ठेवले गेले होते. नव्या कायद्याने ते कोणी वाचू नये हे ठरवले. यादी ऐका: शेतकरी, मजूर, कारागीर, त्यांचे उमेदवार, चाकरमाणसे आणि सामान्य घरच्या बायका. सरदारांना व बड्या गृहस्थांना मोकळीक होती. थोर घरच्या बायकांनी एकटे बसून, दुसऱ्याला ऐकू न जाईल असे वाचावे. १५४७ साली राजा आठवा हेन्री मेला व त्याच साली हा कायदा रद्द झाला. पण ती यादी आम्ही विसरू शकत नाही. कारण तीत आपलीच घरे आहेत.

आम्ही कोणास ख्रिस्ती व्हा असे सांगत नाही, होऊ नका असेही सांगत नाही. आम्ही एवढेच विचारतो की, या पुस्तकात असे काय होते, की नांगरधाऱ्याच्या हाती ते पडण्याची राजालाही धास्ती वाटावी?

येशू हा सुतार. त्याचे पहिले चेले मासे धरणारे कोळी. त्याच्या दृष्टान्तांत बी आहे, मोहरी आहे, खमीर आहे, हरवलेले मेंढरू आहे, द्राक्षमळ्यातील रोजंदारी आहे. पेरणाऱ्याचा दृष्टान्त घ्या. हाताने फोकलेले बी वाटेवर पडले ते पाखरांनी टिपले. खडकाळीत पडले ते लवकर उगवले पण उन्हाने करपले. काट्यांत पडले ते दडपले. चांगल्या जमिनीत पडले त्याने तीसपट, साठपट, शंभरपट दिले. हे समजण्यास कोणती पंडिताई पाहिजे? उलट, ज्या पंडिताने जन्मात मातीला हात लावला नाही त्याने आपल्या बांधावर येऊन समजून घ्यावे. असे असता तुम्हाला शास्त्र कळणार नाही असे म्हणणाऱ्याला तुमच्या अज्ञानाची चिंता नसते. आपल्या दक्षिणेची असते.

विल्यम टिंडेल या विद्वानाने हे ओळखले. त्या काळी पाद्री लॅटिनमधून वाचत व लोक न समजता माना डोलवीत. एका शास्त्र्याशी वाद करताना टिंडेल म्हणाला की, नांगर हाकणाऱ्या पोराला तुझ्याहून अधिक शास्त्र कळेल असे मी करीन. त्याने नवा करार इंग्रजीत आणला. तो १५२६ साली जर्मनीत छापून मालाच्या गठ्ठ्यांतून चोरून इंग्लंडात गेला. लंडनच्या बिशपाने प्रती जाळल्या. १५३६ साली ब्रसेल्स शहराजवळ टिंडेलचा गळा आवळून प्रेत जाळण्यात आले. गुन्हा काय? कुलूप उघडले!

कुलपाची दुसरी तऱ्हा याहून कावेबाज आहे. तीत पुस्तक देतात, पण पाने काढून. १८०७ साली लंडनात वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापले गेले. मोशेने इस्राएल लोकांना मिसरच्या गुलामीतून सोडवून नेले, ही कथा त्यातून वगळली. चाकरांनी धन्याची आज्ञा पाळावी, हे मात्र ठेवले. म्हणून कोणी निवडून, वेचून धर्म सांगू लागला की विचारा: बाबा, गाळलेली पाने कुठे आहेत?

कोणी म्हणेल, ज्याने त्याने वाचले तर जो तो आपापला अर्थ काढील आणि भांडणे माजतील. आम्ही विचारतो, गुलामगिरीला शास्त्राधार काढून देणारे काय अडाणी होते? ते चांगले शिकलेले होते. शहाण्यांच्या लबाड अर्थावर उतारा एकच: पुष्कळ डोळ्यांनी एकच पान पाहणे.

तिसरे कुलूप भाषेचे. ते आपल्याच मुलखात एका बाईने उघडले. पंडिता रमाबाई ब्राह्मण कुळात जन्मल्या; संस्कृत पुराणे त्यांच्या जिभेवर होती; १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांना पदव्या दिल्या. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्यांना दिसले की, मराठी बायबलातले संस्कृत शब्द गोरगरीब बायकांना उमगत नाहीत. तेव्हा त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि केडगावच्या मुक्ती मिशनात बसून सोप्या मराठीत भाषांतर करू लागल्या. १९२२ साली मरेपर्यंत त्यांनी हेच काम केले. १९२४ साली तो ग्रंथ तेथल्याच छापखान्यात छापून निघाला. त्या छापखान्यात आश्रमातल्या बायका खिळे जुळवीत. विद्येचा उपयोग कुंपण घालण्यास नव्हे, कुंपण मोडण्यास करावा, तो असा.

आता चौथे कुलूप. हे आपण स्वतःच घालतो. शाळेतल्या मुलांच्या घरी आम्ही जातो. ख्रिस्ती घरी बायबल स्वच्छ फडक्यात गुंडाळून पेटीत असते. हिंदू घरी पोथी बासनात, कोनाड्यात. दोन्हींवर धूळ नाही, आणि दोन्हींची पाने कोणी उलटलेली नाहीत. शाळेत एखादे मूल धडा खडाखडा म्हणते व अर्थ विचारला की खाली बघते. त्याला आम्ही वाचन म्हणत नाही, घोकंपट्टी म्हणतो. मग थोरांच्या पारायणाला निराळे नाव कशाला?

आणि अर्थ कळला हे ओळखावे कसे? वागणुकीवरून. देवाला अर्पण केले असे सांगून म्हाताऱ्या आईबापांच्या तोंडचा घास काढणाऱ्यांना येशूने ढोंगी म्हटले. याकोबाच्या पत्रात सांगितले आहे की, कापणी करणाऱ्याची दाबलेली मजुरी देवापाशी ओरडते. म्हणजे भक्तीची परीक्षा देवळात नाही. खळ्यावर मजुरी मोजताना आणि घरी आईला भाकर वाढताना आहे. रविवारी प्रार्थना आणि सोमवारी मजुराचे चार पैसे कापणे, एकादशीला उपास आणि द्वादशीला खोटे माप, हा एकच धर्म आहे, व त्याचे नाव ढोंग.

तरी बंधुभगिनींनो, आज रात्री जेवणे झाल्यावर फडके सोडा. ज्याला वाचता येते त्याने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी अडवून विचारावे. हे कोण कोणास सांगतो? यात कोणाचे हित आहे? आणि उद्या सकाळी मी काय निराळे करू? घरातल्या मुलीला वाचता येत असेल तर तिलाच वाचू द्या. १५४३ सालच्या त्या यादीत तीही होती.