मदतनिधीचा सामना आणि हक्काचा प्रश्न

पोलीस, अग्निशामक दलाचे जवान आणि वनरक्षक यांनी एकत्र येऊन फुटबॉलचा संघ उभारावा, सामन्यांना तिकीट लावावे आणि जमलेला निधी कर्तव्यावर मृत्यू पावलेल्या सहकाऱ्यांच्या कुटुंबांना द्यावा, ही कल्पना कोणाच्याही मनाला भावणारी आहे. अशा संघाचा पहिला हंगाम कौतुकातच जातो. पुढारी चेंडूला पहिली लाथ मारतात, व्यापारी मंडळी देणग्या जाहीर करतात, वृत्तपत्रांतून छायाचित्रे झळकतात. या आनंदावर विरजण घालण्याचे कारण नाही. परंतु वरोऱ्यापासून गडचिरोलीपर्यंतच्या ज्या मुलखात वाघाचा हल्ला आणि रस्त्यातला सुरुंग हे नोकरीतलेच धोके आहेत, तेथे एक प्रश्न विचारल्यावाचून गत्यंतर नाही. समाजाच्या रक्षणासाठी जो मेला, त्याच्या मुलांचे शिक्षण मैदानावर किती तिकिटे खपली यावर का अवलंबून असावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना न्यूयॉर्क शहराचा अनुभव उद्बोधक ठरतो. तेथे 1973 पासून पोलीस आणि अग्निशामक जवान यांच्या संघांत अमेरिकी पद्धतीच्या फुटबॉलचा सामना होत आला आहे आणि त्याचे उत्पन्न मृत सहकाऱ्यांच्या विधवा व मुले यांच्या निधीसारख्या कामांना जाते. 11 सप्टेंबर 2001 रोजी त्या शहरातील अग्निशामक दलाचे 343 जण मृत्युमुखी पडले. त्यांत या फुटबॉल संघाचे आजी-माजी खेळाडूही होते. उरलेल्यांनी पुन्हा संघ उभा केला, सामने खेळले, निधी जमवला. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण ढिगाऱ्याच्या विषारी धुळीने ज्यांची फुप्फुसे निकामी झाली, त्यांच्या औषधोपचाराची हमी कोणत्याही सामन्याने दिली नाही. त्यासाठी कामगार संघटनांना आणि आजारी जवानांना वर्षानुवर्षे वॉशिंग्टनचे उंबरठे झिजवावे लागले, आणि 2 जानेवारी 2011 रोजी कायदा झाला तेव्हा कोठे ती हमी मिळाली. जगातील सर्वांत श्रीमंत देशातही दयाबुद्धीला जे साधले नाही, ते संघटित मागणीने साधले.

दुसरा धडा इंग्लंडचा आहे आणि तो अधिक कडू आहे. प्रेस्टन येथील डिक-कर या युद्धसामग्रीच्या कारखान्यातील कामगार स्त्रियांनी 1917 च्या नाताळात जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी फुटबॉलचा सामना खेळला. दहा हजार प्रेक्षक जमले. सैनिकांसाठी खेळणाऱ्या या मुलींचे सर्वांनी कौतुक केले. पुढे 1921 साली खाणमालकांनी टाळेबंदी पुकारली, तेव्हा अशा स्त्रियांच्या संघांनी उपाशी खाणकामगारांच्या कुटुंबांसाठी सामने खेळले. वरोरा-माजरीच्या कोळसापट्ट्यातील वाचकाला त्या भाकरीचे मोल निराळे सांगावयास नको. त्याच वर्षीच्या 5 डिसेंबरला इंग्लिश फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांची मैदाने स्त्रियांना बंद केली. हा खेळ स्त्रियांना मानवत नाही आणि उत्पन्नाचा पुरेसा भाग धर्मादायास जात नाही, अशी कारणे देण्यात आली. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. तिच्यामागील हेतूंबद्दल इतिहासकारांनी नाना तर्क केले आहेत. परंतु मैदान ज्याच्या मालकीचे, दयेची मर्यादाही तोच ठरवतो, एवढे त्यातून निर्विवाद दिसते.

आपल्याकडे तर ही मर्यादा कायद्यानेच आखून दिली आहे. संविधानाच्या अनुच्छेद 33 चा आधार घेऊन संसदेने 1966 साली पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा केला. त्याअन्वये पूर्वपरवानगीवाचून पोलीस शिपायास कामगार संघटनेचे वा राजकीय संस्थेचे सभासद होता येत नाही. मात्र निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक स्वरूपाच्या मंडळास त्या कायद्याची हरकत नाही. याचा सरळ अर्थ असा की, शिपाई चेंडूसाठी एकत्र येऊ शकतो, भजनासाठी एकत्र येऊ शकतो. पण बारा-बारा तासांची पाळी, गळके निवासस्थान आणि नाकारलेली रजा यांसाठी संघटना उभारू शकत नाही. 1982 च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या पोलीस शिपायांनी स्वातंत्र्यदिनी काळ्या फिती लावल्या. त्यानंतर नेत्यांना अटक झाली, शहरात दंगल उसळली, लष्कर बोलवावे लागले, अनेकांना बडतर्फ करण्यात आले आणि त्यांची संघटना मोडली गेली. त्या हिंसेचे समर्थन कोणी करणार नाही. पण गाऱ्हाणे मांडण्याची सनदशीर वाट बंद केली की ते गाऱ्हाणे रस्त्यावर येते, हा धडा शासनाने त्यातून घेतल्याचे दिसत नाही.

शिस्तीच्या दलात संघटना चालणार नाही, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो अगदीच निराधार नाही. शस्त्रधारी दलाने संप करावा असे कोणी म्हणत नाही. परंतु संपाचा हक्क आणि प्रतिनिधित्वाचा हक्क या दोन भिन्न गोष्टी आहेत. इंग्लंडमध्येच 1918 व 1919 साली पोलिसांचे संप झाले; तेव्हा 1919 च्या कायद्याने पोलिसांना कामगार संघटना व संप यांची बंदी झाली, पण त्याच कायद्याने त्यांचे म्हणणे मांडणारी पोलीस फेडरेशन ही वैधानिक संस्थाही स्थापन झाली. ब्रिटिशांकडून शिस्तीचा दंडुका घेतला, मग ही तोंड उघडण्याची मुभा घेण्यास कोणाची हरकत होती?

चंद्रपूर-गडचिरोलीत हा वाद पुस्तकी राहत नाही. 1 मे 2019 रोजी, महाराष्ट्र दिनी आणि कामगार दिनी, कुरखेडा तालुक्यातील जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात शीघ्र कृती दलाचे 15 जवान ठार झाले. त्यांच्याबरोबर त्यांच्या खाजगी वाहनाचा चालकही गेला. त्याच्या अंगावर गणवेश नव्हता. 20 नोव्हेंबर 2021 रोजी ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पात वाघांच्या खुणांची नोंद घेण्यासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. तिच्यासोबत जंगलात चालणारे मदतनीसही होतेच. सामन्याच्या निधीचे वाटप करताना सर्वांत आधी नजर जाते ती गणवेशाकडे. मग खाजगी वाहनाचा चालक, रोजंदारीचा वनमजूर, अग्निशामक बंबावरचा कंत्राटी कामगार आणि गटारात उतरणारा सफाई कामगार यांची नावे कोणत्या संघाच्या यादीत येणार? धोका सर्वांना सारखा आणि संरक्षण मात्र नेमणुकीच्या कागदाप्रमाणे, ही विषमता निधीच्या पेटीने झाकली जाते, मिटत नाही.

सफाई कामगाराचे नाव येथे ओढूनताणून आणलेले नाही. गावाला रोगराईपासून वाचवणारा तो पहिला रक्षक होय, आणि हे वरोऱ्याइतके दुसऱ्या कोणत्याही गावाने जवळून पाहिले नसेल. बाबा आमटे वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी तेथील सफाई कामगारांना संघटित केले आणि नऊ महिने स्वतः डोक्यावर मैला वाहिला. त्यांनी त्या कामगारांसाठी वर्गणीची पावती-पुस्तके छापली नाहीत. आधी ते काम अंगावर घेतले. पुढे 1951 मध्ये सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय आणि 14 रुपये एवढ्या भांडवलावर वरोऱ्याजवळच्या खडकाळ माळावर आनंदवनाचा संसार सुरू झाला, तोही भिकेला नकार देऊन. रुग्णांच्या हातच्या भाजीला आणि दुधाला आरंभी गिऱ्हाईक मिळत नसे. तरीही दयेने दिलेल्या नाण्यापेक्षा श्रमाने पिकवलेल्या भाजीची किंमत मागण्याचा आग्रह त्यांनी सोडला नाही.

त्याच वाटेने सफाई कामगारांची चळवळ न्यायालयात गेली. 27 मार्च 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1993 पासून गटारांत मेलेल्या कामगारांच्या कुटुंबांना प्रत्येकी 10 लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि 2023 च्या ऑक्टोबरमध्ये ही रक्कम 30 लाख केली. अंमलबजावणीसाठी आजही झगडावे लागते. पण त्या विधवेच्या हाती आता देणगीदाराचा पत्ता नव्हे, न्यायालयाचा आदेश आहे. कोणाचे आभार न मानता ती कार्यालयाच्या दारात उभी राहू शकते. दान आणि हक्क यांतील अंतर ते हेच.

तेव्हा गणवेशातील कष्टकऱ्यांनी फुटबॉल अवश्य खेळावा. पाळी संपवून मैदानावर उतरण्याइतका उत्साह शिल्लक राहणे हीच मोठी गोष्ट आहे. पहिल्या हंगामात निधी जमवावा आणि त्याचा पैन्-पैचा हिशेब लोकांपुढे ठेवावा. त्या हिशेबाशेजारीच गेल्या वर्षी कर्तव्यावर किती जण मेले, त्यांपैकी कायम किती व कंत्राटी किती, आणि शासनाकडून कोणाला काय मिळाले, याचाही तक्ता लावावा. दुसऱ्या हंगामापूर्वी तीन मागण्या शासनापुढे जाव्यात: धोक्याच्या कामावरील प्रत्येकाला, मग तो कायम असो वा रोजंदार, समान विमा व भरपाई, पोलीस शिपायांना प्रतिनिधित्वाची कायदेशीर व्यवस्था, आणि कामाच्या तासांवर बंधन. ज्या दिवशी या मागण्या मान्य होतील, त्या दिवशी हा संघ निधीच्या पेटीवाचून मैदानात उतरेल. तोवर त्याच्या प्रत्येक सामन्याला जाणाऱ्याने तिकिटाबरोबर या मागणीपत्रावर सहीही करावी.