नऊ इंचांचा दिवाणखाना

अमेरिकेतील शिकागोच्या नार्सिसा निब्लॅक थॉर्न यांना लहानपणापासून चिमुकल्या वस्तू जमवण्याचा नाद. पुढे त्या वस्तूंना शोभतील अशा खोल्याच त्यांनी उभ्या केल्या. १९३२ ते १९४० या काळात निष्णात कारागिरांकडून करवून घेतलेल्या अशा ६८ खोल्या शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. कुठे जुन्या काळचा फ्रेंच दिवाणखाना, कुठे अमेरिकन स्वयंपाकघर.

प्रमाण एकच, फुटाला इंच. ९ फूट उंचीची खोली ९ इंचांत बसवायची, अडीच फुटी टेबल अडीच इंचांत. लाकूड, धातू कारागिराचे ऐकतात. कापड मात्र मोठे हट्टी! साडीचा इंचभर काठ पडद्याला लावावा, तर तो तिथे फूटभर रुंद दिसणार. शिवाय जाड कापडाच्या चुण्या खाली पडतच नाहीत, फुगून उभ्या राहतात. म्हणून अशा खोलीला तलम रेशीम किंवा धुऊन धुऊन मऊ झालेली मलमलच बरी. नक्षीही अगदी बारीक हवी. थॉर्नबाईंनी काही गालिचे तर खास त्या मापाचे करवून घेतले.

खरी गंमत खिडकीबाहेर आहे. तिथे बाग दिसते, उजेडही तिकडूनच आत येतो. एखादे दार अर्धवट उघडे असते, त्यातून पलीकडची खोली डोकावते. माणसांच्या बाहुल्या मात्र कुठेच नाहीत. बाहुली कितीही सुबक असली तरी बाहुलीच दिसते आणि मग सगळी खोलीच खेळण्यातली वाटू लागते.