कावळ्याची बाजू कोण मांडणार?

घोड नदीकाठचे शिरूर आणि भीमेकाठचे दौंड हे पुणे जिल्ह्यातील उसाचे तालुके. गाळपाचा हंगाम सुरू झाला की बीड-अहिल्यानगरकडून तोडणी कामगारांची कुटुंबे येथे उतरतात, पाचटाच्या कोप्या उभ्या राहतात आणि त्या कोप्यांतील मुलांचे शिक्षण शाळेच्या उंबरठ्यावर अडखळते. बागाइतदाराचे मूल आणि मजुराचे मूल जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत एका वर्गात आलेच, तर दोघांजवळ समान भांडवल कोणते? पुस्तकांचे कपाट खचितच नव्हे. आजीच्या तोंडून ऐकलेली गोष्ट मात्र दोघांजवळही असते. या भांडवलाचा उपयोग मुलांना लिहिते आणि बोलते करण्यासाठी होतो काय, हा खरा प्रश्न आहे.

चिमणी-कावळ्याची गोष्ट घ्या. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते. तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो आणि चिमणी एकेक सबब सांगत त्याला थांबवून ठेवते. शाळेत ही गोष्ट सांगून तात्पर्य फळ्यावर लिहिले जाते आणि मुले ते उतरवून घेतात. पण कोपीत राहणाऱ्या मुलाला वाहून जाणारे घर ठाऊक असते. कोणाच्या वाट्याला शेणाचे घर येते आणि का? दार उघडणे हे चिमणीचे कर्तव्य होते काय? की पिलाच्या रक्षणासाठी सावध राहण्याचा तिला अधिकार होता? दोन्ही बाजूंना वजन आहे, म्हणूनच येथे वाद संभवतो.

रीत अगदी साधी आहे. शिक्षकाने दार ठोठावले जाताच गोष्ट थांबवावी. अर्ध्या वर्गाने चिमणीची, अर्ध्याने कावळ्याची बाजू मांडावी आणि मग बाजूंची अदलाबदल करावी. त्यानंतर प्रत्येकाने पाच ओळी लिहाव्यात: स्वतःचे मत, त्याचे कारण आणि विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा. आधी बोललेले मूल लिहिताना अडत नाही, कारण त्याच्यापाशी सांगण्यासारखे काहीतरी असते. एकाच शिक्षकाला दोन-तीन इयत्ता सांभाळाव्या लागतात तेथेही हे जमते. खर्च तर काहीच नाही.

यावर पुरोगामी मंडळींचा आक्षेप असा की, जुन्या कथांतून जुनी उतरंडच मुलांच्या मनात रुजते. आक्षेप खरा आहे; परंतु त्यावरचा उपाय कथा लपविणे हा नसून तिची उलटतपासणी करणे हा आहे. खुलभर दुधाच्या कहाणीत राजा देवाचा गाभारा भरण्यासाठी गावातले सारे दूध मागवितो. वासरे आणि लेकरे उपाशी राहतात आणि गाभारा भरत नाही. घरातल्या सर्वांना तृप्त करून म्हातारी उरलेले खुलभर दूध वाहते, तेव्हा तो भरतो. रूढ तात्पर्य भक्तीचे आहे. पण वासराच्या तोंडचे दूध मागण्याचा अधिकार राजाला कोणी दिला, हा प्रश्न रोज पहाटे डेअरीत दूध घालणाऱ्या घरातील मुलाला सहज सुचेल. तो विचारण्याची मुभा मात्र त्याला मिळाली पाहिजे.

महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण देण्याची मागणी केली. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 29 व्या कलमाने मुलाला भयमुक्त करणे आणि त्याला आपले मत मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करणे हेही अभ्यासक्रमाचे कर्तव्य ठरविले. 2021 पासूनच्या निपुण भारत अभियानात मूल मिनिटाला किती शब्द वाचते हे मोजले जाते. ते मोजावेच, परंतु वाचता येणारा आणि तरीही ग्रामसभेत मान खाली घालून बसणारा नागरिक ही लोकशाहीची कमाई नव्हे. गाईडमधील निबंध पाठ करणारे मूल उद्या दुसऱ्याने लिहिलेल्या ठरावावर मुकाट्याने अंगठ्याऐवजी सही करील, एवढाच काय तो फरक पडेल.

गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांत कार्यकर्ते आहेत. पोषण आहार आणि गळके छप्पर यांची चौकशी ते करतात, ती केलीच पाहिजे. त्याबरोबरच त्यांनी मुलांच्या वह्याही उघडून पाहाव्यात. चाळीस वह्यांत एकच उत्तर आढळले, तर त्या वर्गात कावळ्याची बाजू अद्याप कोणी मांडलेली नाही, असे खुशाल समजावे.