नाईट ड्युटी आणि नर्सचा थकवा: व्यायामाने झोप सुधारते का?

कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील घटनेनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोग्य कर्मचाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले. रात्रपाळी करणाऱ्यांना विश्रांतीसाठी पुरेशी जागा मिळत नाही, याचीही नोंद त्या आदेशात होती. पुढे चर्चा झाली ती मुख्यतः सुरक्षारक्षक आणि कॅमेऱ्यांची. थकव्याचा विषय मागे पडला. थकलेल्या नर्सला सल्ला मिळतो तो एकच: "जरा व्यायाम करा." हा सल्ला कितपत खरा आहे?

रात्रपाळीत शरीरात काय होते?

आपल्या मेंदूत एक जैविक घड्याळ असते. ते मुख्यतः उजेडावर चालते. रात्रपाळी संपवून सकाळी घरी आलेली नर्स अंथरुणावर पडते, तेव्हा हे घड्याळ शरीराला जागे करत असते. त्यामुळे दिवसाची झोप कमी आणि तुटक होते. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट अशी पाळी सतत बदलत राहिली, तर घड्याळाला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. सलग १७ तास जागे राहिल्यावर माणसाची सतर्कता रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखी खालावते, असे १९९७ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात दिसले. म्हणून नर्सची झोप हा रुग्णाच्या सुरक्षिततेचाही प्रश्न आहे.

"मी वॉर्डात दिवसभर चालतेच की!"

अनेक सिस्टर असे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. पण वॉर्डातले चालणे थांबत थांबत होते. सोबत तासन्‌तास उभे राहणे, रुग्णाला उचलणे आणि मनावरचा ताण असतो. हृदयाची गती सलग वाढून मग शरीराला विश्रांती मिळाली, असे क्वचितच घडते. कामातल्या श्रमाचा आरोग्याला व्यायामाइतका फायदा होत नाही, हे डेन्मार्कमधील अभ्यासकांनीही दाखवले आहे.

एरोबिक व्यायाम म्हणजे भरभर चालणे, सायकल, पोहणे, नाच. यात श्वास वाढतो, पण बोलता येते. अशा व्यायामाने गाढ झोपेचे प्रमाण वाढायला मदत होते, ताण कमी होतो आणि दम टिकतो. फिनलंडमध्ये मिक्को हार्मा यांच्या गटाने १९८८ मध्ये पाळीत काम करणाऱ्या नर्स आणि साहाय्यक महिलांवर चार महिन्यांचा प्रयोग केला. व्यायाम करणाऱ्या गटात थकवा कमी झाला. नंतरचे बहुतेक अभ्यास लहान आहेत, पण त्यांचा कलही याच बाजूला आहे. हा फायदा दोन दिवसांत दिसत नाही, काही आठवडे नियमितपणा लागतो.

व्यायाम कधी करावा?

- नाईट संपल्यावर: आधी झोप. सकाळच्या उन्हात जोरदार व्यायाम केला तर झोप आणखी लांबते. उठल्यावर, पुढच्या ड्युटीच्या आधी, संध्याकाळी ३० मिनिटे चाला.
- मॉर्निंग ड्युटी असेल तर: घरी येऊन थोडी विश्रांती, मग संध्याकाळी फिरणे.
- इव्हिनिंग ड्युटी असेल तर: सकाळची वेळ उत्तम.
- झोपेच्या आधीच्या तासाभरात दमवणारा व्यायाम नको.
- झोप फारच कमी झाली असेल, तर त्या दिवशी व्यायाम सोडा आणि झोपा.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सुचवते. सुरुवात दहा मिनिटांनी झाली तरी चालेल.

घरच्यांनी काय करावे?

दिवसा झोपलेली व्यक्ती आळशी नसते. खोलीत जाड पडदे लावा, तिचा मोबाईल सायलेंट ठेवा, दाराची बेल वाजली तर तुम्ही उठा. नाईटवरून आलेल्या आईने लगेच डबा करावा आणि मग मुलाला शाळेत सोडावे, ही अपेक्षा असेल तर कोणताही व्यायाम तिचा थकवा घालवू शकणार नाही. नाईटनंतर तिला स्वतः गाडी चालवू देऊ नका.

डॉक्टरांकडे कधी जावे?

पुरेशी झोप मिळूनही थकवा जात नसेल, तर तो ड्युटीचाच आहे असे गृहीत धरू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ नुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के महिलांमध्ये रक्ताची कमतरता आहे. हिमोग्लोबिन आणि थायरॉईड तपासा. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, सतत उदास वाटणे किंवा आठवड्यातून तीन-चार रात्री झोप न लागणे, ही लक्षणे असतील तर उशीर करू नका. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर तपासणीआधी व्यायाम सुरू करू नका.

सगळा भार नर्सवर नको

व्यायाम उपयोगी आहे, पण तो अपुऱ्या मनुष्यबळावरचा उपाय नाही. सलग नाईट कमी ठेवणे, दोन ड्युट्यांमध्ये पुरेसे अंतर देणे, ड्युटीचा तक्ता आधी सांगणे आणि विश्रांतीची सुरक्षित खोली देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे. संध्याकाळी चालायला जायचे, तर आधी तेवढा मोकळा वेळ हातात हवा. रुग्ण आणि नातेवाईक म्हणून आपणही ही मागणी करू शकतो, कारण पहाटे चार वाजता आपल्या माणसाचे सलाईन बदलणारे हात तिचेच असतात.